मुक्काम पोस्ट लष्कर

एक्केचाळीस दिवसांनी पार्सल आलं.
त्यातले एकोणीस दिवस ते दिल्लीत, कस्टमच्या गोदामात.
वर चिकटवलेलं: धातूची खेळणी, एक किलो दोनशे ग्रॅम.
पोस्टमन म्हणाला, मॅडम, इसमें है क्या?
सैनिक, मी म्हटलं.
त्याने खोकं कानाशी हलवून पाहिलं
आणि ड्युटीचे दोन हजार एकशे चाळीस
दोनदा मोजून घेतले.

रंग नाही आले.
बाटलीतलं काही विमानात चढू देत नाहीत म्हणे.
दुकानदाराने तेवढे पैसे परत केले
आणि बिलाखाली हाताने एक ओळ लिहिली:
तुमच्या गावाच्या नावाचा अर्थ शोधून पाहिला.
खरंच तिथे राहता?

त्याच्या यादीत फ्रेंचांचे तीनशे प्रकार,
घोड्यावरचे, उतरलेले, ढोल बडवणारे, मरता मरता उठणारे.
आमच्या वाट्याला एक ओळ: हिंदी, किरकोळ.
म्हणून तुर्क मागवले. सुरवारी चालून जातात.
मुंडाशी मात्र तासावी लागली.

कवळ्या बनवते मी, नई सडकेवर,
सव्वीस वर्षं लोकांचे जबडे माझ्या बाकावर वासून पडलेत.
बारीक बरमा, मेण, हिरड्यांचं अ‍ॅक्रिलिक, सगळं हाताशी.
मुगाएवढ्या डोक्याला पागोटं बांधायचं,
ओलं आहे तोवर सुईने पीळ भरायचा,
श्वास धरून.
साठ बारगीर, वीस बाणदार, एक हत्ती.
आणि रंगांविना सगळी पागोटी
हिरडीसारखी गुलाबी.

सरंजामे रविवारी कंपूतून आले, नवे नियम सुरळी करून.
छोट्या लाईनीवर गार्ड होते.
ती गाडी बंद झाल्यापासून
लहान मापाच्या वस्तूंवर त्यांचा जीव जडला आहे.
जुने नियम एकशे बारा पानांचे,
वारा कुठला, दारू ओली की सुकी,
जेवून बसलो तर पहिली तोफ दिवेलागणीला उडायची.
हे दोनच पानं.
प्रत्येक पथकासाठी फासा टाका.
एक पडला तर पथक हलत नाही.
का, ते लिहिलेलं नाही.

त्यांच्या उजव्या फळीला चार वेळा एकच पडला.
पाचव्यांदाही.
सिग्नल नाही मिळाला, म्हणाले,
आणि बशीत चहा ओतला.
माझा हत्ती मात्र सहावर सहा घेत सुटला,
आपल्याच बाणदारांना तुडवत
मिठाच्या बरणीपाशी जाऊन थांबला.

अडलो ते एका ओळीपाशी:
कडेपर्यंत पळालेलं पथक डब्यात ठेवावं.
जुन्यातही हे होतं, तेव्हा खटकलं नव्हतं.
डब्यात म्हणजे कुठे? सरंजामे म्हणाले.
पळालेला माणूस रात्री कुठेतरी चूल मांडतोच ना.
शिवाय बुणगे कुठे आहेत यात?
पखालजी, नालबंद, कांदे विकणारी,
कुणाच्याच नावाचा फासा नाही.

मी खण उघडला. चिनीमातीच्या दाढा,
उलट्या ठेवल्या की तंबू.
अकरा दाढांचा तळ पडला टेबलाच्या कडेला,
पळालेले गुलाबी पागोटेवाले त्यात जाऊन बसले.
दुसऱ्या पानाच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलं:
तळ तीन डाव टिकला, तर
आणि पुढचं दोघांनाही सुचेना.

साडेनऊ झाले. टेबल मोडलं नाही.
सरंजामे पहिल्यांदाच जेवायला थांबले,
ताटं घेऊन बाहेर पायरीवर बसलो.
इथेही छावणीच होती कुणाची तरी,
उठायचीच होती.
दोर सोडायचे राहिले, मग कुणी भट्टी लावली,
मग नळ आले, पिनकोड आला.

रात्री दुकानदाराला उत्तर लिहिलं:
हो, खरंच राहतो.
रंग बोटीने पाठवा, चालेल.
घाई नाही.